‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं कुणी कुणाला म्हणू नये

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचकांच्या पत्रांमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र आलं होतं. सात-आठ ओळींचंच होतं. त्याची आई आजारपणात गेली. घर ख्रिस्ती. आई होती तोवर रोज दिवेलागणीला कुटुंब प्रार्थना व्हायची, आता त्याला बसवत नाही. भेटायला आलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं, ‘तुमचा विश्वास कमी पडला, नाहीतर आई उठून बसली असती.’ आणि पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं की अशा देवावर भरवसा ठेवायचा तरी कसा.

ते पत्र मी तीनदा वाचलं. मग कात्रण करून पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ठेवलं आणि दोन दिवस त्या मुलासाठी प्रार्थना केली. पण नुसती प्रार्थना करून स्वस्थ बसवेना, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबलं आहे याची मला जाणीव आहे. जमेल तेवढं छापावं. माझं नाव मात्र छापू नये, कारण पुढे मी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंची गोष्ट सांगणार आहे आणि माझ्या नावावरून लोक त्यांना ओळखतील.

मी निवृत्त परिचारिका आहे. जन्म १९५८ चा. माहेर खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठावर, सासर बेळगावात. शिक्षण मिरजेला झालं. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन दवाखान्याच्या गावी आमच्या भागातल्या कितीतरी मुली तेव्हा नर्सिंग शिकायला जायच्या. नंतर ३४ वर्षं वॉर्डात काढली. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले, त्याला आता दोनशे वर्षं होऊन गेली. माझे पणजोबा त्या मिशनच्या शाळेत शिकले, असं घरात सांगत. तेव्हा मी काही काल-परवा विश्वासात आलेली नाही. तरीही त्या तरुणाने विचारलेला प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे, आणि त्याच्यापेक्षा कडक शब्दांत.

२०१९ च्या ऑगस्टात पाऊस कसा कोसळला ते बेळगाव जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा, सगळ्या एकदमच फुगल्या. माहेरच्या शेतात भात सहा दिवस पाण्याखाली राहिलं आणि कुजलं. भावाच्या घराची मागची भिंत बसली. आम्ही मंडळीच्या बायकांनी भाकऱ्या केल्या, चादरी गोळा केल्या, टेम्पो भरून पाठवल्या. ते दिवस वाईट होते, पण तेव्हा माझा विश्वास हलला नाही. सगळ्यांवर आलेलं संकट होतं, हाताला काम होतं, बोलायला माणसं होती. माणूस मोडतो तो एकटा पडल्यावर.

माझे यजमान सरकारी बसवर ड्रायव्हर होते. बरीच वर्षं बेळगाव, खानापूर, लोंढा या रस्त्यावर त्यांची ड्युटी असायची. बोलणं कमी. रोज गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘चला प्रभू.’ एवढीच त्यांची प्रार्थना. कंडक्टर लोकांना ती माहीत होती. ते एखाद्या दिवशी विसरले तर कंडक्टरच आठवण करायचा.

२०२१ च्या मे महिन्यात त्यांना कोरोना झाला. घरी पल्स ऑक्सिमीटर होता. ९४ वरून ९१, तिथून एका रात्रीत ८४. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या मोजल्या, त्या रात्री घरच्या माणसाचा आकडा खाली येताना बघत बसले. कुठे बेड आहे का म्हणून किती फोन केले त्याला गणती नाही. शेवटी एके ठिकाणी जागा मिळाली. दारातूनच त्यांना आत नेलं आणि मला बाहेर थांबवलं. ३४ वर्षं मी वॉर्डाच्या आतल्या बाजूला होते, दाराबाहेर उभं राहणाऱ्यांचं काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या ड्युटीच्या काळात किती जणींना मी ‘बाहेर थांबा, बाहेर थांबा’ म्हणून तोडलं असेल, त्या सगळ्या मला तिथे आठवल्या.

आत एक तरुण सिस्टर होती, बैलहोंगलकडची, कन्नड बोलणारी. मराठी तिला मोडकंतोडकं यायचं. मी पण नर्स आहे म्हटल्यावर ती मला अम्मा म्हणायला लागली आणि रोज संध्याकाळी ड्युटी संपताना स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटं बोलायची. पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, त्यांना बायबलातलं तेविसावं स्तोत्र वाचून दाखवशील काय? ती ख्रिस्ती नव्हती. मराठी तिला वाचता येत नव्हतं. पण यजमानांचा जन्म कन्नड रस्त्यांवर गेलेला, त्यांना कन्नड चांगलं कळायचं. मग आमच्या मंडळीतल्या कन्नड उपासनेला येणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी ते स्तोत्र कन्नडमध्ये व्हॉट्सॲपवर मागवलं आणि त्या मुलीला पाठवलं. ‘ओदतीनि अम्मा,’ म्हणजे वाचते अम्मा, एवढंच ती म्हणाली.

तिने फोन स्पीकरवर ठेवला. आधी मला ऐकू आला तो ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याचा बुडबुड आवाज. तो आवाज मी हजारो वेळा ऐकला आहे, त्यावरून प्रवाह किती मोठा लावला आहे याचा मला अंदाज येतो. खूप मोठा होता. आणि त्या आवाजावरून ती मुलगी वाचायला लागली, ‘यहोवनु ननगे कुरुबनु...’

आपल्या भागात भाषेवरून किती ताणलं जातं, किती माणसांनी त्यासाठी काय काय सोसलं, हे आपल्या वाचकांना मी काय सांगावं? मी मराठीतच शिकले, मराठीतच प्रार्थना करते, आणि मराठीवर माझा जीव आहे. पण त्या संध्याकाळी देवाचं वचन माझ्या नवऱ्याच्या कानापर्यंत कन्नडमधून गेलं आणि एका कन्नड मुलीने ते पोचवलं. तिचं ऋण माझ्यावर आहे.

मला मात्र त्यातल्या एकाच शब्दाने धरून ठेवलं. कुरुबनु. आमच्या मराठी शास्त्रात तिथे ‘मेंढपाळ’ आहे. तो शब्द मी लहानपणापासून म्हणत आले, आणि म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे यायचं ते शब्बाथ शाळेत मिळणारं रंगीत कार्ड. पांढरा स्वच्छ झगा, खांद्यावर पांढरं कोकरू, मागे हिरवी कुरणं. कुरुब म्हणजे आपला धनगर. आणि धनगर मी जवळून बघितला आहे.

१९६६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी आठ वर्षांची. भाताच्या कापणीनंतर रान मोकळं झालं की पूर्वेकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला यायचे. शेतात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घ्यायचे, बदल्यात धान्य द्यायचे. आमच्या दोन एकरांत त्या वर्षी एक म्हातारा धनगर चार-पाच दिवस बसला होता. मे महिना होता. संध्याकाळी वळीव आला आणि पाठोपाठ गारा. लिंबाएवढ्या. आमच्या कौलांवर दगड पडल्यासारखा आवाज यायला लागला. वडील डोक्यावर पाट धरून बांधापर्यंत गेले आणि त्याला ओरडून म्हणाले, अरे घरात ये. तो तिथूनच म्हणाला, ‘आणि मेंढरं कुठं नेऊ, मालक?’

तो आला नाही. मी खिडकीतून बघत होते. त्याने नुकती जन्मलेली कोकरं पायांशी गोळा केली, त्यांच्यावर वाकला आणि घोंगडं पाठीवरून खाली सोडलं. गारा त्याच्या पाठीवर पडत होत्या. वीज चमकली की दिसायचा, तसाच वाकलेला. सकाळी आई त्याला चहा घेऊन गेली तेव्हा मी तिच्या मागे गेले. त्याच्या कपाळावर आणि हातांवर गारांचे वळ उठले होते. ओल्या लोकरीचा वास सगळीकडे भरला होता. आणि दोन कोकरं मेलेली होती. ती दोन्ही त्याने मांडीवर घेतली होती आणि तो त्यांच्या अंगावरून हात फिरवत बसला होता. आईने चहाचा कप पुढे केला तो त्याने घेतला नाही.

फोनवर ‘कुरुबनु’ ऐकलं आणि पंचावन्न वर्षांनी तो म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला. वळीव त्याने थांबवला नव्हता. दोन कोकरं गेली होती. पण तो घरात आला नव्हता.

१३ मे च्या पहाटे यजमान गेले. तो गुरुवार होता, प्रभू येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. शेवटचं स्तोत्र त्यांना ऐकू आलं की नाही मला माहीत नाही. ती मुलगी म्हणाली की ‘कुरुबनु’ म्हटल्यावर त्यांनी हात चादरीवरून उचलून पुढे धरले होते, दोन्ही हात, काहीतरी धरल्यासारखे. तिला त्याचा अर्थ कळला नव्हता. मला कळला.

दफनाला आम्ही पाच जण. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर, पीपीई घातलेले चार अनोळखी तरुण, त्यांच्या हातात दोर. पाळकसाहेब दूर उभे राहून वाचत होते आणि मास्कमुळे अर्धं ऐकू येत नव्हतं. मूठभर माती मी टाकली. घरी आल्यावर रडायलाही कुणी जवळ नव्हतं, कारण मी स्वतः क्वारंटाईन होते.

आता त्या तरुणाला सांगायचं ते इथून पुढे. माझे क्वारंटाईनचे दिवस संपल्यावर बाहेरगावचे एक प्रचारक आमच्या घरी आले. ओळखीतल्या कुणीतरी आणले होते. प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, ‘ताई, तुम्ही डॉक्टरांवर जास्त भरवसा ठेवलात. विश्वास पूर्ण असता तर प्रभूने त्यांना उठवलं असतं.’ मी त्यांना पाणी दिलं होतं, तो पेला मी नंतर कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही. ३४ वर्षांत किती बायकांचे नवरे, किती आयांची मुलं माझ्या समोर गेली! त्या सगळ्यांचा विश्वास कमी पडला होता? आणि वाचले त्यांचा जास्त होता? मी दोन्ही बघितले आहेत. असं काही नसतं.

त्यानंतर तीन-चार महिने मी प्रार्थना केली नाही. शास्त्र उघडलं नाही. रविवारी ऑनलाईन उपासना लागायची, मी फोन उलटा करून ठेवायची. हे मी आजवर मंडळीत कुणाला सांगितलेलं नाही, आज वर्तमानपत्रात लिहिते आहे. त्या मुलाला वाटत असेल की तो एकटाच असा आहे, म्हणून लिहिते आहे.

त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर आक्का माझ्याकडे येऊ लागल्या. स्वतः विधवा, ऐंशीच्या पुढच्या. त्या यायच्या, पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा किंवा घेवडा काढायच्या आणि माझ्या समोर बसून सोलायच्या. मला एकही वचन त्यांनी सांगितलं नाही, आणि ‘देवाची इच्छा’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. सोलून झालं की अर्धे दाणे माझ्या वाटीत ओतायच्या आणि ‘सलाम बाई’ म्हणून निघायच्या. असं दीड महिना चाललं. एक दिवस मीच म्हटलं, ‘आक्का, मला प्रार्थना येईना झालीये.’ त्यांनी शेंग सोलतासोलता विचारलं, ‘भांडता येतं का?’ मी बघतच राहिले. ‘तेरावं स्तोत्र काढ,’ म्हणाल्या.

काढलं. दोन ओळींत चार वेळा ‘कोठवर’ आहे. तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी कोठवर मनात दुःख बाळगू, शत्रू कोठवर माझ्यावर वरचढ राहणार. लहानपणी पाठ केलेलं हे स्तोत्र, पण मी ते शेवटच्या आनंदाच्या ओळीपर्यंत धावत म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्या दोन ओळींवरच थांबले. त्या माझ्या होत्या. मग आक्कांनी मला ८८ वं स्तोत्र काढायला लावलं. ते तर अंधारातच संपतं. शेवटी सांत्वन नाही, स्तुती नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. १५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी अशा रडण्याचा, तक्रारीचा आहे. आणि आमच्या प्रभूने वधस्तंभावर जे शब्द उच्चारले, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ते २२ व्या स्तोत्राचे पहिलेच शब्द आहेत. त्याचाही विश्वास कमी पडला होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

त्या रात्री मी एवढंच म्हटलं, ‘प्रभू, कोठवर?’ दुसऱ्या रात्री पुन्हा तेवढंच. बरेच दिवस माझी प्रार्थना त्या एका शब्दाची होती. पण आता ती त्याच्याकडे तोंड करून होती. रागावलेलं मूल आईकडे पाठ फिरवतं तोवर ती घाबरते, ते समोर येऊन भांडायला लागलं की तिला बरं वाटतं. भरवसा म्हणजे काय, हे मला तिथे कळायला लागलं. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही, माणूस त्याला सोडून देतो.

‘विश्वास कमी पडला’ म्हणणाऱ्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडून बघावा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य लगेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेल्याचं आहे. ती माणसं यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, असं विचारून प्रभू स्वतःच ‘नाही’ म्हणतो. आणि लाजराच्या कबरेजवळ तो आधी रडला. पुढच्या काही क्षणांत त्याला उठवणार होता, तरी रडला. मार्थेने त्याला तोंडावर सांगितलं होतं, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तिला त्याने झिडकारलं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव मराठी वाचकांना माहीत आहे. त्यांचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या डोंगरातला, म्हणजे त्याही आपल्यासारख्या या बाजूच्याच मराठी. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, पदरात तान्ही मनोरमा. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळात टाकून दिलेल्या शेकडो मुली आणून वाढवल्या. आणि १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमाही त्यांच्या आधी गेली. तेव्हा त्या हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणण्याच्या कामात होत्या. काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं केलं होतं. मुक्तीच्या छापखान्यातून ते १९२४ मध्ये बाहेर पडलं. मुलगी गेल्यावरच्या त्या नऊ महिन्यांत त्या सकाळी उठून टेबलाशी कशा बसत असतील, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. अशा बाईला कुणी म्हणेल का, की तुमचा विश्वास कमी पडला?

आता मंडळीतल्या त्या बाईंची गोष्ट, जिच्यासाठी मी नाव छापू नका म्हटलं. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह, इन्सुलिन चालू. प्रार्थनेने आजार बरे होतात म्हणून भरवलेल्या एका आरोग्यसभेत त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही बऱ्या झालात, आता सुई घेणं म्हणजे अविश्वास. त्यांनी सुई बंद केली. घरात कुणाला सांगितलं नाही. सव्वा महिन्याने पायाला साधी ठेच लागली, ती चिघळली. मी गेले तेव्हा पायाचा वास दारापर्यंत येत होता. साखर तपासली तर ४८० च्या वर. पायाचं एक बोट काढावं लागलं. आणि शुद्धीवर आल्यावर त्या मला पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील? ‘सिस्टर, माझा विश्वास कमी पडला.’

मला तेव्हा जो संताप आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. मी आमच्या सगळ्या पाळकांना, फादरना, प्रार्थना गट चालवणाऱ्या भावाबहिणींना हात जोडून विनंती करते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, याकोबाच्या पत्रात लिहिलं आहे तसं तेल लावून करा, रात्रभर करा. मीही करते आणि प्रभू बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण कुणाची गोळी, कुणाची सुई, कुणाचं डायलिसिस बंद करायला सांगू नका. लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. वानलेस डॉक्टर मिरजेला आले ते औषधांची पेटी घेऊन आले. यजमानांच्या नाकातला ऑक्सिजन हीसुद्धा देवाची दया होती. त्याने नऊ दिवस मिळाले, आणि त्या नऊ दिवसांत ते स्तोत्र मिळालं.

वेळ वाईट आहे हे खरं. शेतीचं बघा, नोकऱ्यांचं बघा. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मनात आणखी एक धाकधूक असते. २०२१ च्या डिसेंबरात नाताळ दोन दिवसांवर आला असताना आपल्याच शहरातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्या वर्षी नाताळची गाणी गात घरोघर जायचं की नाही यावर आमच्या मंडळीत दोन रात्री बोलणं चाललं. शेवटी गेलो, थोडेच जण, आवाज जरा कमी ठेवून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मराठा कुटुंब राहतं. त्या घरच्या काकू दारात करंज्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या आणि म्हणाल्या, ‘काका असताना पहिलं गाणं आमच्या दारात व्हायचं. यंदा आवाज का बारीक?’ मग आम्ही त्यांच्या दारात पुन्हा पहिल्यापासून, मोकळ्या आवाजात गायलो. याहून जास्त त्या विषयावर मला बोलायचं नाही.

खानापूरच्या त्या मुलाला एवढंच सांगायचं आहे. बाळ, तुझ्या आईसाठी तू प्रार्थना केलीस, ती कमी पडली नाही. तिचा विश्वास कमी पडला नाही, तुझाही नाही. तुला प्रार्थनेला बसवत नसेल तर नको बसू. आई जिथे बसायची तिथे दिवेलागणीला तिचं शास्त्र उघडून नुसतं ठेव. तेरावं स्तोत्र काढ, पहिल्या दोन ओळी वाच, पुढचं वाचवलं नाही तर मिटून ठेव. मला तिसरी ओळ वाचायला बरेच आठवडे लागले होते.

संपादक महोदय, त्या तरुणाने आपल्याकडे पत्ता दिला असेल तर माझा पत्ता आणि फोन नंबर त्याला कळवावा. तो सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिला आहे. त्याला बोलायचं असेल तर मी त्याच्या गावी यायला तयार आहे. लोंढ्याच्या रस्त्यावरच्या सगळ्या बस मला पाठ आहेत. वचनं सांगायला येणार नाही. या दिवसांत घेवडा चांगला येतो, तो घेऊन येईन आणि बसेन. बुधवार सोडून कुठलाही दिवस चालेल. बुधवारी सकाळी मला त्या बाईंची साखर तपासायला जायचं असतं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
बेळगाव